रुळाला लावलेला कान

न्हाई न्हाई, ती पत्रिका ठेव तिकडं टेबलावर – वाचली मी, चष्मा न लावता वाचली, नाव एवढं मोठं छापल्यावर चष्मा कशाला लागतो – पण फीत मी कापणार न्हाई, आन त्या पुलावर सगळ्यांच्या आधी चालायचं तर मुळीच न्हाई. दुसरं कुणी बघा. तहसीलदार बघा, न्हाईतर एखादी चुणचुणीत सायकलवाली पोरगी बघा, तेच बरं दिसंल. आता तोंड उतरवू नको, अर्पिता – अर्पिताच ना? – एवढी इंजिनिअर बाई तू, उन्हातान्हात परभणीपर्यंत आलीस, दोन जिने चढलीस, आन म्हातारी न्हाई म्हणती. बस. पाणी घे. पंख्याखाली सरक. चौतीस वर्षं वर्गात शुद्ध बोलले, बाई, आता घरात आपली बोली बोलते, तुला समजंल ना? गाव कोणतं तुझं? – पालम? मग काय, घरचीच झालीस की.

दाव तो नकाशा, दाव. हा आपला दुधनेवरचा पूल. हे आमच्या टाकळीकडचं टोक, हे स्टेशनाकडचं. छोट्या लाईनीचा पूल हा – मोठी लाईन आली, शेजारी नवा पूल झाला, ह्याचे रूळ काढून नेले, तवापासून नुसता गंजत उभा. आता तुमी वर फळ्या टाकणार, कठडे लावणार, एका अंगानं चालणारे, एका अंगानं सायकली – लय चांगलं काम हाय, तोंडदेखलं म्हणत न्हाई मी. सडकेनं जायचं तर आजबी अकरा किलोमीटरचा वळसा, पुलावरून दोन न्हाईत. टाकळीच्या पोरी दहा मिनिटात हायस्कुलात. मला काय वाईट वाटायलंय का? – पण हे काय काढलंय? हे कडेला तीन चौकोन? काय लिहिलंय? 'छायाचित्र स्थळ'? म्हणजे फोटो काढायची जागा. हं. बाई, ते झरोके हायत. नाव आमच्या बापूंचं, रेल्वेवाले काय म्हणत असतील कोण जाणे. माणूस पुलाच्या मधी असला आन गाडी आली तर उभं कुठं राहावं? म्हणून गर्डरच्या बाहेर लोखंडी पिंजऱ्यासारखी जागा काढलेली, दोन माणसं अंग चोरून मावतील एवढी. टाकळीकडून मोजलं तर पयला, दुसरा, तिसरा. तिथं फोटो काढणार व्हय लोकं? – काढू दे. काढू दे. हसायचीच जागा पायजे माणसाला.

'पुलावरून शाळेला जाणारी पहिली मुलगी' – हे कुणी लिहून दिलं तुमच्या समितीला? भागवतनं? बन्सीधर पाटलाचा भागवत? त्यानं सुचवलं माझं नाव? … स्वतःहून? … बरं. एवढासा होता तो, नऊ वर्षांचा, शेंबूड ओढत आमच्या मागं पळायचा, आन ताई त्याला पुलाच्या अलीकडून माघारी पाठवायची – ताई म्हणजे त्याची बहीण. मनकर्णा. तिचं नाव न्हाई ह्या पत्रिकेत. कारण पयली मी नव्हतेच, बाई. आमी दोघी होतो.

काय सांगितलं म्हणालीस त्यानं? तिनं त्याच पुलावर जीव दिला? असं म्हणाला तो? ह्याच शब्दात? – पंचावन्न वर्षांचा बाप्या झाला, नातवंडं आली, आन अजून तेच घेऊन बसलाय. बसणारच. त्याला दुसरं कुणी सांगितलंच न्हाई काई.

ऐक. माझे बापू सिताराम, रेल्वेत गँगमन. टाकळी ते स्टेशन, तेवढे रूळ त्यांच्या टोळीकडं. आमचं घर बौद्धवाड्यात, गावाच्या ह्या टोकाला, पुलाजवळ. मनकर्णाचा वाडा त्या टोकाला, बारा बैलं दावणीला. गावात शाळा सातवीपर्यंत. पुढं शिकायचं तर नदीपलीकडं. बापू म्हणले, माझी गीता जाईल, पुलावरून जाईल. आन मनकर्णानं तीन दिवस अन्न सोडलं, तवा बन्सीधर पाटील म्हणले, सितारामची पोरगी सोबत असंल तर जा. का? तर रूळ कळणाराची पोरगी म्हणून. बापूंनी मला शिकवलं होतं – पुलावर पाय ठेवायच्या आधी रुळाला कान लावायचा. गाडी लांब असली तर रूळ गुणगुणतो, माशी डब्यात अडकल्यावाणी. पाशिंजरला टाईम असतो, मालगाडीला टाईम नसतो, घड्याळाचं ऐकू नको, रुळाचं ऐक – ही त्यांची ताकीद. मग दरोज मी गुडघ्यावर बसायची, कान लावायची, मनकर्णा माझं दप्तर धरून उभी. मी म्हणायची, 'काई न्हाई, चल.' तेवढ्या शब्दावर ती पुलावर पाय टाकायची. खाली दोन स्लीपरमधून, रुळाखालच्या आडव्या लाकडांमधून, नदी दिसती, तिला गरगरायचं, ती माझा हात धरायची – असा घट्ट, की कंकण रुतायचं. आन पूल संपला की सोडायची. तिकडं शाळेकडं जाताना सोडत नव्हती, बरं का. टाकळीकडं परत येताना सोडायची. शेवटच्या स्लीपरवर. मी काई म्हणत नव्हते. ती बी काई म्हणत नव्हती. आठवी, नववी, दहावी – तीन वर्षं. कधी मधीच गाडी आली, एक-दोनदा आली, तर मी तिला ओढत झरोक्यात न्यायची, ती डोळे गच्च मिटून माझ्या खांद्यात तोंड खुपसायची, आन गाडी गेली की दोघी येड्यावाणी हसायचो.

चहा घे ना. गार करू नको.

एकोणऐंशी साल. मार्च. दहावीचे पेपर चालू झालेले, आन मधीच रविवारी मनकर्णाची सुपारी फुटली. सोनपेठकडचं स्थळ, जमीनजुमला लय. ती मला म्हणाली, गीते, तू आल्याशिवाय मी पाटावर बसणार न्हाई. मी गेले. आई म्हणत होती नको जाऊ, तरी गेले – निळी रिबीन बांधून गेले. तिच्या चुलतीनं मला दारातच वळवलं, गोठ्याजवळ पत्रावळ टाकली, आन वरून, हातभर वरून भात सोडला. भात पडला, वरण पडलं, पुरणपोळी पडली. बैल बघायलेत. मी मान वर केली तर मनकर्णा माजघराच्या दारात उभी, हिरवं लुगडं नेसलेली, मोठी बाईच दिसायली. तिनं बघितलं. सगळं बघितलं. आन आत गेली. – पंधरा वर्षांची पोर ती, काय करणार होती? आज कळतं मला. मी चौतीस वर्षं पंधरा वर्षांच्या पोरी शिकवल्या, मला न कळायला काय झालं! पण तवा मी बी पंधराचीच होते ना. जेवले न्हाई. उठून आले.

दुसऱ्या दिवशी गणिताचा पेपर. अकराला. आमी साडेनऊला पुलापाशी. ती आपली बोलायली – त्रिकोण काय, वर्तुळ काय, सासरी शिकू देतील का काय – जसं काई काल झालंच न्हाई. मी गप. तिनं माझं दप्तर धरलं. मी खाली बसले, कान लावला …

का गं, तो नळ बंद कर म्हणलं तर करशील? न्हाई, पाणी न्हाई आलेलं, वाजायलाय नुसता. पाणी यायच्या आधी पायपात असं घुमतं. राहू दे, मीच करते. – हां. मला ते सहन होत न्हाई, बाई. कुकर शिट्टी द्यायच्या आधी गुरगुरतो ना, मी सयपाकघरातून बाहेर येते. वर्गात कुणी लेकरू बाकावर डोकं टेकवून निजलं की मी अंगावर धावून जायची, ऊठ, कान उचल आधी, कान उचल – पोरं घाबरायची, म्हणायची, गीताबाई मारक्या हायत. लेक नांदेडला दिलीय. रेल्वेनं कसं सुखात जाता येतं, समदं परभणी जातं, आन मी एसटीत हाडं खिळखिळी करत जाते. मालक होते तवर विचारायचे, गीता, तुला गाडीचं एवढं भ्या का? मी म्हणायची, धूर सहन होत न्हाई. धुराची इंजिनं जाऊन जमाना झाला. तरी ते बिचारे मान डोलवायचे.

कुठं होते मी? … व्हय. पूल. मी पुढं होते, ती मागं. दुसरा झरोका ओलांडला आन ती मागून म्हणाली, 'थांब गे गीते.' मी वळून बघितलं तर ही बया मधोमध स्लीपरवर फतकल मारून बसलेली, दप्तर मांडीवर. म्हणाली, 'काल तू जेवली न्हाईस, मी बघितलं. आईला न सांगता आणलंय. आपण दोघी एका डब्यात खाऊ, मग जाऊ पेपरला.' आन डब्याचं झाकण निघंना तिला. पितळेचा डबा, घट्ट बसलेला. जिला खाली बघितलं की गरगरायचं, ती पोरगी माझ्यासाठी पुलाच्या मधी, हात सोडून, बसली होती.

समोरून गाडी आली. स्टेशनाकडून. तिकडं वळण हाय, बाभळीचं बन हाय, गाडी पुलाशी येईतो दिसत न्हाई. मालगाडी. मी तिसऱ्या झरोक्यात घुसले, ओरडले. ती उठली. तिच्या मागं दुसरा झरोका, वीस पावलं. नुसतं मागं वळायचं होतं. पण ती माझ्याकडं पळत आली, बाई. इंजिनाकडं पळत आली, हात पुढं करून – कारण तीन वर्षं गाडी आली की काय करायचं? गीतेचा हात धरायचा. तेवढंच तिला मालूम. दोन स्लीपरच्या मधी पाय गेला, तोल गेला, आन ती कडेनं खाली … नदी कोरडी होती. मार्च महिना, सगळे दगडच. इंजिन तिच्यापर्यंत पोचलंच न्हाई. पुढं जाऊन थांबलं.

ड्रायव्हर पलीकडच्या अंगाला, त्याला मी दिसले न्हाई. त्यानं पोलिसाला काय सांगितलं? जे दिसलं ते – पोरगी रुळावर बसली होती, मग उठली आन इंजिनाकडं पळत आली. आता तूच सांग, लोकं काय म्हणतील? काल सुपारी फुटली, आज पोरगी रुळावर बसली. पोरीच्या मनात नव्हतं. पोरीचं काई तरी होतं. शाळेत कुणी तरी होतं. गावाच्या तोंडाला काय, हात लावता येतो का? बन्सीधर पाटलानं चावडीवर जायचं सोडलं. सोनपेठची माणसं येऊन नारळ परत घेऊन गेली, मेलेल्या पोरीचा! धाकटीचं, शिवकन्याचं, लग्न जमता जमंना. आन टाकळीची एकबी पोरगी पुढं बारा वर्षं त्या पुलावरून शाळेला गेली न्हाई – बारा वर्षं, मी मोजलीत. पोरीला शिकवलं की पोरगी रुळावर बसती, असं झालं. आन तुमी लिहिता, पयली मुलगी. अगं, शेवटची लिहा!

मी? मी काय केलं? … हे बघ, नदीत टरबुजाच्या वाड्या होत्या, तिथली माणसं तिच्याकडं पळायलीत, मला वरून दिसायलंय, निळा परकर दिसायलाय. आन माझे पाय स्टेशनाकडं चालले. मी न्हाई चालले, पाय चालले. अकराला मी पेपरात बसले होते. माझ्या पुढचा बाक तिचा. सर आले, म्हणाले, हा नंबर कुणाचा, कोण ओळखतं हिला, का आली न्हाई? मी म्हणाले, माहीत न्हाई सर. त्यांनी लाल शाईनं लिहिलं – गैरहजर. मला गणितात एक्क्याऐंशी मार्क पडले. त्याच मार्कांवर पुढं कॉलेज झालं, बी.एड. झालं, नोकरी झाली, ह्या घराच्या भिंती त्या मार्कांच्या हायत.

पंधरा दिवसांनी तिची आई आली. आमच्या वाड्यात. ती बाई जन्मात कधी आमच्याकडं फिरकली नव्हती, आमच्या सावलीनं बाजूला सरायची, ती येऊन आमच्या उंबऱ्यावर बसली, पदर तोंडात धरून. आईनं पाणी दिलं तर प्याली. म्हणाली, 'गीता, तुला काई बोलली होती का गं? लग्न नको म्हणत होती का?' एक शब्द सांगायचा होता. न्हाई काकू, ती डबा काढायला बसली होती. बस्स, एवढंच. त्या बाईचा समदा जन्म सुधरला असता. मी म्हणाले, 'मला माहीत न्हाई. मी पुढं गेले होते.' ती उठली. जाताना माझ्या डोक्यावरून हात फिरवला तिनं. म्हणाली, 'तू शीक, बाई. तू तरी शीक.'

का न्हाई सांगितलं? भ्याले. तसं न्हाई – भ्याले तर होतेच, आमच्या घरावर आलं असतं, बापूंची नोकरी, वाड्यातली समदी माणसं, पाटलाची पोरगी मेली म्हणल्यावर – तू आजच्या काळातली, तुला न्हाई कळायचं – न्हाई, कळंल. पण ते बी कारण नव्हतं. सांगायला लागले असते तर विचारलं असतं ना कुणी तरी. तू बी विचारायलीस की डोळ्यांनी, मघाधरनं. तू कान लावला होतास ना, गीता? मग?

लावला होता.

बापूंनी विचारलं. त्याच दिवशी, दिवेलागणीला. त्यांचीच टोळी पूल बघायला बोलावली होती, त्यांना स्लीपरवर डबा घावला होता. झाकण उघडलेलं. ते हातपाय धुऊन माझ्यासमोर बसले आन म्हणाले, 'कान लावला होता का?' मी म्हणाले, 'लावला होता.' म्हणाले, 'काय म्हणाला रूळ?' मी म्हणाले, 'काई न्हाई.' मग म्हणाले, 'मालगाडी होती. भरलेली होती. भरलेल्या मालगाडीला रूळ बोलत न्हाई असं होत न्हाई, बाळा.' बस्स. पुन्हा शब्द न्हाई. महिन्याभरात पूर्ण्याला बदली मागून घेतली, आमी टाकळी सोडली. एकोणीस वर्षं जगले त्यानंतर. माझ्या लग्नात नाचले, नातू खांद्यावर घेतला, पण रुळाचं नाव कधी काढलं न्हाई माझ्यासमोर. त्यांनी अर्धं वझं घेतलं माझं, न विचारता. अर्धं घेऊन गेले.

तो बोलत होता, अर्पिता. रूळ. स्पष्ट बोलत होता. मी कान लावला तवा डब्यात माशी फिरायली होती. मी उठले, परकर झटकला, आन म्हणाले, 'काई न्हाई, चल.' – मरावी म्हणून न्हाई! आईची आण, मरावी म्हणून न्हाई. मला वाटलं तिसऱ्या झरोक्यापर्यंत पोचतोच की आपण. नुसती भ्यावी. गाडी यावी आन तिनं माझा हात धरावा, घट्ट, कंकण रुतंल असा, आन मग मी म्हणावं, काल कुठं होता गं हा हात? एवढंच. एवढंच होतं माझ्या मनात. आन ती खाली बसली, डब्याचं म्हणाली, तवा बी वेळ होता. मी लगेच ओरडले असते तर वेळ होता. मी ओरडले न्हाई. एक श्वास उभी राहिले. दोन श्वास. तिच्याकडं बघत. मनात आलं – आता आठवलं व्हय तुला.

दोन श्वास, बाई. शेहेचाळीस वर्षं झाली, मी अजून तेच दोन घ्यायलेय.

तू रडू नको. तुझं काय गेलं? पूस ते. आन हे कुठं लिहू बिहू नको, समितीला सांग, बाईंची तब्येत बरी न्हाई, गुडघे दुखतात, जिना उतरवत न्हाई. फीत त्या पोरींकडून कापून घ्या. पूल चांगला करा. फळ्या नीट बसवा, दोन फळ्यांत फट ठेवू नका, कुणाच्या पायाचं बोट सुद्धा जाऊ नये. आन ऊठ आता, उशीर झाला तुला, एसटी सहाची हाय पालमची, स्टँडपर्यंत रिक्षा मिळंल कोपऱ्यावर.

गाडी हाय? कुणाची गाडी? … खाली उभी हाय? मग डायवरला तरी वर बोलवायचं, चहा –

कोण?

भागवत आलाय? तो घेऊन आला तुला? आन दीड तास खाली उन्हात … वर का न्हाई आला? काय म्हणाला? … 'बाईंना माझं तोंड बघून ताईची आठवण येईल, त्यांना कशाला तरास' … असं म्हणाला.

…

न्हाई, खिडकीतून हाक मारू नको. फोन बी लावू नको. तिकडं माझ्या चपला सरकव. काठी नको, कठडा हाय जिन्याला. न्हाई, तू नको येऊ. तू इथंच बस, चहा पी तुझा, मी हाक मारेपर्यंत खाली यायचं न्हाई. सोड हात. सोड म्हणते ना. माझं मला उतरू दे.